आईच्या पलंगाखालची ओल

धंद्यातली माणसं त्याला भोकपाड्या म्हणायची आणि घरची माणसं धाकटा. दोन्ही नावं त्याला आवडत नसत, पण पहिल्याचा निदान अभिमान होता. लोकांच्या चांगल्या धडधाकट भिंतींना चौकोनी भोकं पाडायची, त्यात पत्र्याची पेटी बसवायची आणि त्या पेटीत खोली गरम-गार करणारं मशीन सरकवायचं, हा त्याचा धंदा. अर्धं मशीन खोलीत, अर्धं भिंतीबाहेर. त्या थंडीच्या मुलखात मशीनशिवाय कुणाचं पान हलत नसे, त्यामुळे त्याला कामाची ददात नव्हती. तोंड मात्र असं फटकळ, की काम देणारा आधी दुसऱ्या दोघांना विचारून बघायचा आणि नाइलाज झाला की याच्याकडे यायचा.

गिऱ्हाईक साधंच काहीतरी विचारी. "बाहेर एवढं गोठलंय, मग हे ऊब आणतं कुठून?"

"बाहेरूनच."

"बाहेर कुठली आलीय ऊब?"

"तुम्हाला जाणवत नाही म्हणून नाही असं थोडंच आहे?" एवढं बोलून तो हत्यारं पिशवीत टाकू लागे.

खरं तर समजावून सांगायला फार अवघड नव्हतं. नळ्यांमधून एक वायू फिरतो. भिंतीबाहेर तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, म्हणून त्या गोठलेल्या हवेतली उरलीसुरली ऊबसुद्धा ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यावर तो तापतो आणि आतल्या जाळीत येऊन ती ऊब खोलीत सोडतो. शेगडीसारखी ऊब तयार करायची नाही, बाहेरून आत वाहून आणायची. पण धाकट्याला कुणाला काही समजावायचं नसे. लोक अडाणी राहिले की त्याला बरं वाटायचं.

बाहेरची जाळी गार पडली की दमट हवेतलं पाणी तिच्यावर गोठतं. बघता बघता जाळी पांढरी होते, बुजते, आणि मशीनचा श्वास कोंडतो. मग मशीन थोडा वेळ उलटं चालतं. खोलीतलीच ऊब घेऊन बाहेरच्या जाळीला देतं आणि बर्फ वितळवतं. तेवढ्यात आतला पंखा थांबतो, फुस्स असा आवाज येतो, पेटीत काहीतरी खडखडतं आणि बाहेर भिंतीतून वाफेचे लोट निघतात. हे तो कुणालाही आधी सांगत नसे. मुद्दामच. पहिल्या थंडीत घाबरलेल्या माणसाचा फोन आला, की तो बायकोला खूण करून फोन कानापासून लांब धरायचा, तिलाही ऐकू यावं म्हणून.

"अहो, मशीन पेटलंय. धूर येतोय."

"बर्फ झटकतंय ते. गप्प बसा जरा, आपोआप थांबेल."

एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्या वाफेवर बादलीभर पाणी ओतलं होतं. ते पाणी तिथेच गोठलं आणि पंख्याची पाती मोडली. ही गोष्ट धाकटा वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर सांगत आला आणि दरवेळी पोट धरून हसला. तो म्हातारा मोडक्या मशीनजवळ कांबळ्यात गुरफटून बसला होता, हेही तो त्यात सांगायचा, आणि हसायचा तो तिथेच.

असा हा माणूस. पण हात सोन्यासारखे. वितळलेला बर्फ म्हणजे पाणी, आणि ते पेटीतल्या ट्रेमध्ये साचून मागच्या भोकातून बाहेर गेलं पाहिजे. उन्हाळ्यात खोली गार करताना आतल्या जाळीला पाणी सुटतं, तेही मागेच जायला हवं. तिथे पंख्याच्या कडेची कडी ते उचलून तापलेल्या जाळीवर उडवते आणि ते वाळून जातं. या सगळ्यासाठी पेटीला बाहेरच्या बाजूला अगदी किंचित ढाळ द्यावा लागतो. डोळ्याला दिसू नये, पाण्याला मात्र कळावा, एवढाच. धाकटा पेटीच्या आतल्या बाजूखाली लाकडाची पाचर ठोकायचा, वर ढाळ मोजायची पाणसळ ठेवायचा आणि तिच्यातला बुडबुडा हवा तिथे आला, की पाचरेचं बाहेर राहिलेलं टोक करवतीने कापून टाकायचा. दुसऱ्यांची मशीनं गळत, भिंती फुगत, रंग पोपडे धरी. याच्या मशीनचा आत एक थेंब आला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याच्या शिव्या लोक ऐकून घ्यायचे ते याच एका गोष्टीपायी.

आईलाही ते ठाऊक होतं. वडील गेल्यावर तिने शिवणकाम करून दोन मुलं वाढवली. थोरला अभ्यासात बरा. चष्म्याच्या दुकानात लागला, पुढे स्वतःचं दुकान काढलं, नाकावर चष्मा आणि जिभेवर साखर घेऊन लोकांशी बोलायला शिकला. धाकटा शाळेतून पळून जायचा आणि कुणाच्या तरी घरी पंखा नाहीतर पाण्याचा पंप खोलून बसायचा. आई दोघांचंही कौतुक करायची, पण थोरल्याचं चारचौघांत आणि धाकट्याचं एकटीने, स्वयंपाकघरात. धाकट्याने हे लहानपणीच टिपून ठेवलं होतं. असल्या गोष्टी टिपून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

थोरल्याने नवं घर बांधलं तेव्हा आई त्याच्याकडे वरच्या मजल्यावर राहायला गेली. खाली पाहुण्यांची खोली होती, फिक्या रंगाच्या लाकडी फरशीची. वहिनींचा त्या फरशीवर इतका जीव, की पाहुण्यांनी तिच्यावर चालावं असंही त्यांना वाटत नसे. त्या खोलीत मशीन बसवायला धाकट्याला बोलावलं. तो गुडघ्यावर बसून भिंत कापत होता, भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या, आणि नेमके त्याच वेळी वहिनींच्या माहेरचे लोक घर बघायला आले.

थोरला त्यांना दारातूनच म्हणाला, "या, या. हा मशीनवाला आहे, जरा धूळ होतेय. आपण वरच बसू."

आईही त्यांच्यासोबत होती. जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी होती आणि तिने धाकट्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. ती काहीतरी म्हणेल म्हणून त्याने हातातलं भिंत कापायचं मशीन बंदसुद्धा केलं. तिने अंगावरची शाल सारखी केली आणि पाहुण्यांच्या मागून वर गेली. ज्या घरात जेवायचं तिथे कमी बोलावं, एवढं ती म्हातारपणी शिकली होती. धाकट्याला ते समजून घ्यायचं नव्हतं.

वरून हसण्याचे आवाज येत होते. त्याने आतल्या बाजूची पाचर उपसून काढली आणि पेटीच्या बाहेरच्या टोकाखाली ठोकली. पाणसळीतला बुडबुडा उलट्या दिशेला सरकला. जन्मात पहिल्यांदा त्याने ढाळ आत दिला होता, भावाच्या खोलीकडे. मग त्याने कडेच्या फटी बुजवल्या, वर पांढरी पट्टी मारली आणि कुणाचाही निरोप न घेता निघून गेला. हिवाळा आला की फरशी काळी पडेल, वहिनी कपाळाला हात लावतील, दादा फोन करेल आणि आपण म्हणू, "मशीनवाला दुसरा बघा." एवढीच त्याची कल्पना. त्या रात्री तो पोटभर जेवला.

पण पाहुण्यांच्या खोलीत पाहुणेच राहिले नाहीत. मशीन क्वचित लागायचं, तेही थोडाच वेळ. फरशी जशीच्या तशी राहिली. हिवाळे गेले, राग निवला, आणि पाचर होती तिथेच राहिली.

मग आईचा गुडघा गेला. जिना चढणं बंद झालं. थोरल्याने फोनवर अगदी प्रेमाने सांगितलं, "आईला खाली आणलंय. पलंग भिंतीला टेकवून लावलाय, तुझ्या मशीनच्या बरोब्बर खाली. छान ऊब मिळेल तिला."

धाकट्याला ती पाचर आठवली. काम अर्ध्या तासाचं होतं: मशीन बाहेर ओढायचं, पाचर बदलायची, मशीन आत ढकलायचं. पण हंगाम तेजीत होता, आणि भावाच्या घरी न बोलावता जायचं तर काहीतरी निमित्त हवं. बघू पुढच्या आठवड्यात, असं तो मनाशी म्हणाला. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाला.

हवा दमट झाली. नुसत्या कोरड्या कडाक्यात जाळीवर बर्फ थोडाच धरतो. खरा त्रास असतो तो दमट, धुकट, जेमतेम गोठवणाऱ्या दिवसांत. मशीन रात्रंदिवस चालू लागलं, परत परत बर्फ झटकू लागलं आणि दरवेळचं पाणी मागे न जाता पुढे आलं. पेटीच्या कडेने, पट्टीच्या मागून, भिंतीवरून गुपचूप उतरलं. भिंतीला टेकलेली गादीची कड त्याने भिजवली आणि पलंगाखाली थारोळं केलं.

वहिनींनी सकाळी चादर उचलली, ती ओली होती. मग दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आई, रात्री मला हाक मारायची ना."

"कशाला गं?"

वहिनींनी चादर दाखवली. आईने हात लावून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "मी नाही गं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. चौथ्या-पाचव्या वेळेला म्हणाली, "मला कळलं नसेल बहुतेक."

वहिनींना दुष्ट म्हणायचं तर त्यांच्यावर अन्याय होईल. रोज सकाळी गादी उलटायची, चादरी धुवायच्या, लांब दांड्याच्या पुसण्याने पलंगाखाली पुसायचं, हे सगळं त्याच करत होत्या आणि त्यांचे हात साबणाने फुटले होते. हातमोजे घालून आणि नाक दुसरीकडे करून त्या पुसायच्या, त्यामुळे ते पाणी बर्फासारखं गार आहे हे त्यांना कधी कळलं नाही. वास येत नाही, हे मात्र एकदा त्यांच्या लक्षात आलं होतं.

थोरला चष्मा पुसत म्हणाला, "म्हातारपणी लघवीचं नुसतं पाणीच होतं. वास कुठून येणार?"

मग उपाय सुरू झाले. गादीवर रबरी कापड आलं. दुपारनंतरचा चहा बंद झाला. मग संध्याकाळनंतर पाणी बंद. खोलीतल्या त्या गरम कोरड्या हवेत म्हातारीची जीभ टाळूला चिकटायची, ओठांना भेगा पडल्या, पण सकाळी गादी ओलीच. थोरल्याचा संशय असा, की ती लपून पाणी पिते. उशाचा तांब्या गेला. तरी ओल आलीच. चार दिवस हवा कोरडी पडली आणि गादी कोरडी राहिली, तेव्हा वहिनींनी आईचं कौतुक केलं, लहान मुलाचं करतात तसं. आई खुलली. तिला वाटलं, आपण मनावर घेतलं की जमतं. पाचव्या दिवशी धुकं आलं.

त्या सकाळी ती वहिनी यायच्या आत उठून, दुखऱ्या गुडघ्यावर बसून, स्वतःच्या पदराने पलंगाखालचं पुसताना सापडली. उठता येत नव्हतं म्हणून तिथेच बसून राहिली होती. पदर निथळत होता.

आता मात्र थोरल्याने धाकट्याला फोन केला. आवाजात पूर्वीचा तोरा नव्हता. "तू एकदा बघून जातोस का? मशीनचं पाणी तर नसेल ना? माझी आशा आहे रे, दुसरं काही नाही. तसं निघालं तर मी देवापुढे दिवा लावेन."

धाकटा गेला. मनात पक्कं होतं, की काहीतरी सांगून सगळ्यांना खोलीबाहेर काढायचं, मशीन ओढायचं आणि पाचर फिरवायची. पण थोरला आणि वहिनी दोघंही खोलीत येऊन उभे राहिले. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. आणि त्या दिवशी हवा कडकडीत कोरडी. मशीन ठणठणीत, भिंतीवर टिपूससुद्धा नाही.

"मशीन ओढून बघतोस का?" थोरल्याने विचारलं. "मी धरतो ना एका बाजूने."

मशीन ओढलं असतं तर पाचर दिसली असती. थोरला चष्म्याच्या काचांतला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस. पेटी कुठे झुकली आहे हे त्याने तिथल्या तिथे विचारलं असतं. धाकट्याने खिशातली पाणसळ काढली, मशीनच्या वर जिथे पत्रा वाकलेला होता तिथे मुद्दाम टेकवली आणि दोघांना दाखवली.

"बघा. सरळ बाहेर ढाळ आहे."

"म्हणजे मशीनचं नाही?"

"दादा, माझ्या मशीनचं पाणी आत आलंय असं कधी ऐकलंयस?"

भिंतीकडे तोंड करून निजलेली आईच बोलली. "त्याच्या मशीनला नावं ठेवू नका रे. त्याच्या हातचं काम गळत नाही. माझंच असणार ते."

माणसाला लाज वाटायची असेल तर याहून चांगली वेळ कुठली? धाकट्याला वाटलीही. पण त्याच वेळी थोरला जवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चहा घेऊन जा. असा उभ्या-उभ्या जाऊ नको," आणि त्याला वर दिवाणखान्यात घेऊन गेला. इतक्या वर्षांत त्या कोचावर तो पहिल्यांदा बसला. थोरला त्याच्याशी बरोबरीने बोलत होता, सल्ला विचारत होता, मध्येच डोळे पुसत होता. धाकट्याने दोन कप चहा घेतला. खाली आई होती आणि तो वर बसून बिस्किटं खात होता.

त्यानंतर भावाभावांचं बोलणं सुरू झालं. थोरल्याचा रोज फोन येऊ लागला. आई दिवसेंदिवस खंगत होती. पाण्यावाचून तिला चक्कर यायची, बोलण्यात घोटाळे व्हायचे, आणि मग ते घोटाळेसुद्धा तिच्या खात्यावर जमा व्हायचे. वहिनींची कंबर धरली. शेवटी थोरल्याने विषय काढला. "एक वृद्धाश्रम आहे. स्वच्छ आहे. तिथल्या बायकांना या कामाची सवय असते. नाहीतर तू नेतोस का तिला?"

धाकट्याने घरी विचारलं. बायको भांडी घासत होती. ती म्हणाली, "तुमच्या आईला मी दोन वेळा जेवायला घालीन. ओलं अंथरूण रोज काढायचं म्हणाल तर ते मला नाही जमायचं. जाऊबाईंसारख्या जाऊबाईंनी हात टेकले, मी कोण?"

"ती तसं काही करत नाही," तो म्हणाला.

"तुम्हीच तर बघून आलात ना? मशीनचं नाही म्हणून?"

एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य बोललं की आई घरात राहिली असती, थोरल्याने याला दारात उभं केलं नसतं, आणि टपरीवर दुसरी एक गोष्ट सुरू झाली असती, जिच्यात हसणारा तो नसता. त्याने हिशेब मनात मांडला आणि गप्प राहिला.

आईला पोहोचवायचं कामही त्याच्याकडेच आलं. थोरल्याच्या गाडीच्या सीटला नवी कव्हरं घातली होती. वहिनींनी धाकट्याच्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर रबरी कापड अंथरलं, त्यावर जुनी चादर घातली आणि सासूच्या पाया पडताना ओक्साबोक्शी रडल्या. त्यांचं रडणं खरं होतं.

वाटेत मागच्या हत्यारांचा खुळखुळ तेवढा ऐकू येत होता. आई दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. अवघडलेली, सीटच्या अगदी कडेला.

"नीट टेकून बस ना," धाकटा म्हणाला.

"नको. तुझी सीट खराब व्हायची."

"होत नाही खराब."

"माझा भरवसा नाही राहिला रे आता. मलाच नाही राहिला." थोडं थांबून तिने विचारलं, "तिथे रात्रीचं पाणी देतात का?"

"देतात."

"मग बरं."

गाडी थांबवून सांगता आलं असतं. रस्ता सरळ होता, मागे कुणी नव्हतं. त्याने आरसा साफ केला आणि गाडी चालवत राहिला.

आठवड्याभराने तो थोरल्याकडे गेला. सर्व्हिसिंग करून ठेवतो, खोली बंद राहणार, असं वहिनींना सांगितलं. वहिनी दुकानात डबा द्यायला गेल्या. त्याने मशीन ओढून बाहेर काढलं. पेटीत आतल्या कडेला पाण्याचे जुने डाग थरावर थर साचले होते, आंधळ्यालाही दिसतील असे. त्याने ते घासून पुसले, बाहेरच्या टोकाखालची पाचर काढली, आतल्या बाजूखाली ठोकली आणि मशीन परत सरकवलं. काम झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. निदान एक गोष्ट तरी मार्गी लागली, असंच त्याला वाटलं. आता दमाने काहीतरी निमित्त काढू, मशीनचीच बारीकशी खोट दाखवू, आईला घरी आणू.

मधे धुक्याचे दिवस गेले. मग थोरल्याचा फोन आला. तो गंभीर होता, पण मोकळाही वाटत होता.

"तुला खरं सांगू? आईला पाठवलं, पण मनात एक किडा होता. चुकून मशीनचंच असलं तर? म्हणून तिच्या खोलीतलं मशीन मी धुक्याचे सगळे दिवस चालू ठेवलं. रोज सकाळी हात फिरवून बघायचो. एवढं धुकं होतं, पण एक थेंब नाही. गादी कोरडी, फरशी कोरडी. किडा गेला बघ. नाहीतर जन्मभर खात राहिला असता."

धाकट्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं ते मशीन आता आईविरुद्ध साक्ष देत होतं, आणि त्याच्या कामाबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती. आता बारीकशी खोट दाखवायलाही जागा नव्हती. "बरं झालं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हातातलं काम अर्धवट टाकून तो वृद्धाश्रमात गेला. कुणाला आवडो न आवडो, आज आईला सांगायचंच, असं ठरवून गेला.

खोलीत चार पलंग होते. आई खिडकीजवळच्या पलंगावर होती. ओठांच्या भेगा भरल्या होत्या, बोलणंही ताळ्यावर आलं होतं. उशाशी पाण्याचा भरलेला तांब्या होता. तिला बरी झालेली बघून तो अधिकच घाबरला; आता तिला सगळं नीट समजणार होतं. स्टूल ओढून बसला आणि इकडचं तिकडचं काही न बोलता त्याने सांगून टाकलं.

"आई, ते पाणी तुझं नव्हतं. मशीनचं होतं. मी मुद्दाम ढाळ आत दिला होता. दादावर राग होता माझा, तुझ्यावरही होता. बघायला आलो तेव्हाही मी खोटं बोललो."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"हे सांगायला एवढ्या लांब आलास?"

"खरं सांगतोय गं मी."

"तुझं मशीन गळत नाही, वेड्या. साऱ्या जगाला माहीत आहे. आईला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या हातांना बट्टा लावून घेतोस?" तिने त्याचा हात धरला आणि थोपटला. "मी थोरल्याला नेहमी म्हणायचे, तो तोंडाने फटकळ आहे, पण त्याच्या पोटात माया आहे."

"दादाला सांगतो मी. वहिनींनाही सांगतो. तू घरी चल."

"नाही, असलं काही करायचं नाही." तिचा आवाज एकदम कडक झाला. "इतक्या वर्षांनी तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायला लागलात. माझ्या अंथरुणाने निदान तेवढं तरी केलं. तू हे असलं काही सांगशील आणि ते पुन्हा मोडेल. माझी शपथ आहे तुला. आणि घरी येऊन काय करू? आता तर खरंच होतं."

"म्हणजे?"

तिने मान खाली घातली आणि आवाज बारीक केला, शेजारच्या पलंगावर ऐकू जाऊ नये म्हणून. "आले तेव्हा काही होत नव्हतं. लागली की मी घंटा वाजवायचे. पण घरून सांगितलं होतं ना, की हिला कळत नाही. मग त्या बायका म्हणायच्या, आजी, डायपर घातलंय तुम्हाला, त्यातच करा, एवढ्या जणांना कुठे कुठे न्यायचं आम्ही? मी आधी धरून ठेवायचे. मग पोटात दुखायला लागलं. आता धरवतच नाही. कळतसुद्धा नाही बऱ्याचदा." तिने चादर सारखी केली. "आत्ताही झालंय. बाईला हाक मारशील का? तुझ्यासमोर कसं सांगायचं म्हणून थांबले होते."

त्याने दारात जाऊन हाक मारली. बाई आली, तिने पलंगाभोवती पडदा ओढला. तो पडद्याच्या अलीकडे उभा राहिला. आतून आईचा आवाज आला, "तुला पुन्हा त्रास दिला गं." आणि बाईचा, "असू दे आजी. कंबर उचला. अजून थोडी. हं."

पडदा सरकवून बाई बाहेर आली, हातात गुंडाळलेली चादर होती. त्याच्याजवळून जाताना ती थांबली.

"तुम्ही मुलगा का? काय सांगितलंत त्यांना?" ती म्हणाली. "रोज हे करताना रडतात. आज हसत होत्या. येत जा असेच मधूनमधून."

"येईन," तो म्हणाला.